टर्बो पिकअपला बाहेरचा सायलेन्सर बसवल्यानंतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्ही-क्रॉस, हायलक्स, जुनी गेटअवे, नाहीतर भाजी वाहणारी साधी पिकअप. गाड्या वेगळ्या, पण सायलेन्सर बदलून आठ दिवस झाले की येणारे प्रश्न तेच. म्हणून ते एकदाचे इथे लिहून ठेवले आहेत. सगळं टर्बो डिझेल पिकअपबद्दल आहे. गॅरेजात ‘सायलेन्सर’ म्हटलं की टर्बोपासून शेपटीपर्यंतची सगळी पायपिंग आली, इथेही तोच अर्थ घ्या. तक्रार कुठलीही असो, तपासायचा क्रम एकच: आधी सांधे, मग सेन्सर, शेवटी टर्बो. लोक बहुधा उलट्या क्रमाने येतात, आणि टर्बोचे पैसे आधीच मोजून आलेले असतात.

१. दुकानदार कॅटबॅक, डाऊनपाइप आणि फुल सिस्टीम असे तीन भाव सांगतो. फरक काय?

धूर ज्या वाटेने जातो ती वाट डोळ्यांसमोर आणा. मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणारा भाग, टर्बो, डाऊनपाइप, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे धूर शुद्ध करणारा ‘कॅट’, बीएस६ गाडीत त्याला लागून डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी जाळी, मग मफलर आणि शेपटी. कॅटबॅकमध्ये कॅट-डीपीएफच्या मागचाच भाग बदलतो. डाऊनपाइप म्हणजे टर्बोला चिकटलेला पुढचा पाइप. फुल सिस्टीममध्ये दोन्ही येतात, आणि बऱ्याचदा न सांगता कॅट आणि डीपीएफही गायब होतात. बिल करण्याआधी ‘माझा कॅट जागेवर राहणार ना?’ हे स्पष्ट विचारून घ्या. का ते प्र. ११ मध्ये आहे.

२. पहिल्याच दिवशी गाडीखालून धूर आणि जळका वास येतोय. गाडी बंद करू का?

पाइप वाकवताना लावलेलं तेल, हाताळताना लागलेलं ग्रीस आणि वरचा रंग पहिल्या एक-दोन फेऱ्यांत जळतो. तासाभराच्या ड्रायव्हिंगनंतर तो धूर संपायला हवा. दुसऱ्या दिवशीही वास येत असेल आणि तो रबर किंवा प्लॅस्टिक जळल्यासारखा असेल, तर गाडी उभी करा आणि गार झाल्यावर खाली वाका. पिकअपमध्ये तीन जागा आधी पाहायच्या: हौद्याखाली टांगलेली स्टेपनी, हँडब्रेकची केबल आणि सेन्सरची वायर. स्टेपनीच्या टायरला पाइप घासत असेल तर ते वरून कधीच दिसत नाही. डिझेलच्या लाइनपासून पाइप किमान ३५ मिलिमीटर लांब हवा, केंद्रीय मोटार वाहन नियमांतच तसं लिहिलं आहे. माझं मत विचाराल तर तेवढ्यावर समाधान मानू नका, मधे उष्णता अडवणारा पत्राही हवा. कंपनीने दिलेले हे पत्रे फिटर ‘खडखड करतात’ म्हणून काढून टाकतात. ते परत मागून घ्या.

३. आवाज मस्त आहे, पण हायवेला एका ठरावीक वेगाला केबिनमध्ये घूंऽऽ असा दणका बसतो आणि डोकं धरतं. काय करू?

याला ‘ड्रोन’ म्हणतात. हा बिघाड नाही, पाइपची रचनाच तशी आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे २००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ६७. नेमक्या त्याच आसपास केबिनचा पत्रा आणि आतली हवा थरथरायला लागते. पिकअपची केबिन लहान आणि मागची काच उभी, त्यामुळे कारपेक्षा जास्त जाणवतं.

यावर तीन उपाय. सरळ आरपार मफलरऐवजी कप्प्यांचा मफलर लावणं सगळ्यात सोपं. दुसरा, मधे एक रेझोनेटर, म्हणजे ठरावीक सूर दाबणारा डबा जोडणं. तिसरा म्हणजे मुख्य पाइपला एक बंद तोंडाची फांदी काढणं. तिच्यात लाट आत जाऊन उलटी येते आणि तो एक सूर मारते. पण या फांदीची लांबी त्या सुराच्या लाटेच्या पाव हिश्शाएवढी लागते. गरम वायूत ६७ च्या सुरासाठी ती दीड मीटरच्या वर जाते. वीतभर तुकडा जोडून कुणी ‘ड्रोन गेला’ म्हणत असेल तर हायवेला नेऊन दाखवायला सांगा.

रबर माउंट कडक असले किंवा पाइप चेसीसला टेकत असला तरी असाच आवाज येतो. म्हणून खर्चाआधी प्र. ६ मधली तपासणी करून घ्या.

४. सकाळी गाडी चालू केली की टिक-टिक-टिक, गरम झाली की बंद. टर्बो गेला म्हणतात.

टर्बो असा टिकटिकत जात नाही. हा गळतीचा आवाज आहे. लोखंड थंड असताना सांध्यात फट असते आणि प्रत्येक स्फोटाला तिच्यातून वाफ फुटते. गरम झाल्यावर लोखंड फुगतं, फट मिटते, आवाज थांबतो.

मागे एक गाडी अशीच आली. मालकाला टर्बो बदलायचा अंदाज आधीच कुणीतरी लिहून दिलेला होता, कागद त्यांनी खिशातच ठेवला होता. गाडी रॅम्पवर घेतली. टर्बोच्या मागच्या फ्लँजवर, म्हणजे बोल्टने आवळलेल्या सांध्याच्या कडेवर, वरच्या बाजूला, जिथे उभ्याने नजर जात नाही तिथे नखाएवढी काळी रेघ होती, ब्रशने ओढल्यासारखी. फ्लँज खोलला तर आत जुनंच पॅकिंग दाबून बसवलेलं. चपटं झालेलं पॅकिंग दुसऱ्यांदा बसत नाही. नवीन पॅकिंग टाकलं, बोल्ट आलटून पालटून आवळले आणि टिकटिक संपली. तो कागद पुढे कुठे गेला ते विचारलं नाही.

घरी तपासायचं असेल तर गाडी पूर्ण थंड असू द्या. उलटी हवा फेकणारा व्हॅक्यूम क्लीनर शेपटीला लावा, भोवती ओलं फडकं गुंडाळा, आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी फवारा. फेस येईल तिथे गळती. इंजिन चालू असताना हात लावून फट शोधायला जाऊ नका, त्या प्रयोगात भाजलेले हात पाहिलेत.

गळती टर्बोच्या आधी असेल, म्हणजे मॅनिफोल्डच्या सांध्यात, तर आवाजाबरोबर ताकदही जाते, कारण टर्बो फिरवणारा वायूच निसटतो. टर्बोच्या मागे असेल तर आवाज, वास आणि सेन्सरचा गोंधळ.

५. बसवल्यावर महिनाभर सगळं ठीक होतं. मग मॅनिफोल्डचा स्टड तुटला किंवा पाइपला चीर गेली. माल खराब होता का?

माल खराब असू शकतो, पण आधी बघा की पाइपमध्ये फ्लेक्स आहे का. फ्लेक्स म्हणजे जाळीदार, लवचीक तुकडा. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं आणि रेस दिली की आडवं डुलतं. हायलक्सचं २.८ लिटरचं इंजिन ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर टॉर्क देतं, ते किती डुलत असेल ते बॉनेट उघडून बघा. मागचा पाइप मात्र चेसीसला बांधलेला. मधे फ्लेक्स नसेल तर हा सगळा झोल टर्बोच्या फ्लँजवर, मॅनिफोल्डवर आणि स्टडवर येतो. स्थानिक वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेल्या सिस्टीममध्ये सर्वात जास्त हाच तुकडा वगळलेला सापडतो, कारण तो वगळला की भाव खाली येतो.

दुसरं कारण वजन. मफलरला पुरेसे हँगर नसले की सगळं ओझं टर्बोवर लोंबकळतं. आणि तिसरं, पहिल्या ५०० किलोमीटरनंतर बोल्ट परत आवळायचे असतात. गार गाडीवर. हे काम दहापैकी नऊ जण विसरतात.

६. रिकामी गाडी गप्प असते, माल भरला की खालून खडखड. का?

कारण फिटरने रिकाम्या गाडीवर पाइप बसवला. माल भरला की पाटे दबतात, मागचा अॅक्सल वर येतो आणि पाइपला टेकतो. पिकअपचा अॅक्सल कारपेक्षा कितीतरी जास्त वरखाली होतो, म्हणून पाइप त्याच्यावरून कमान करून न्यावा लागतो आणि त्या कमानीत पुरती जागा ठेवावी लागते. नेहमी जेवढा माल भरता तेवढा भरूनच गाडी परत न्या आणि तशीच दाखवा. रिकामी नेलीत तर ‘काही नाही साहेब’ असंच उत्तर मिळेल. रबर माउंट फाटलेत का तेही तेव्हाच बघून घ्या.

७. आधी टर्बोची शिट्टी ऐकू येत नव्हती, आता येते. धोका आहे का?

बारीक, वेगाबरोबर चढणारी शिट्टी असेल तर नाही. टर्बो आधीही वाजतच होता, मफलर तो आवाज खात होता. पण सायरनसारखा रडका सूर येत असेल आणि त्याबरोबर गाडी ओढत नसेल, निळा धूर येत असेल, तर थांबा. तो आवाज पंख्याच्या किंवा बेअरिंगच्या घासण्याचा असू शकतो. ‘फिस्स’ असा हवा सुटल्याचा आवाज वेगळा. तो बहुतेक वेळा पुढच्या इंटरकूलरच्या (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीच्या) होजचा असतो, डाऊनपाइप काढताना होजचा क्लॅम्प हलतो.

८. चेक लाइट लागला आहे. स्कॅनर कोड दाखवतो, पण त्यातून कळायचं काय?

कोड ही तक्रार असते, निदान नाही. ‘सेन्सर’ शब्द दिसला की सेन्सर बदलायचा, असं होऊ देऊ नका. सायलेन्सर बदलल्यावर नेहमी दिसणारे असे:

पी०५४४ हा धुराचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचा. वायर ताणली गेली, प्लग अर्धवट बसला किंवा पाइपला लागून वितळली. पी२४५२ आणि पी२४५३ डीपीएफच्या दाबाच्या सेन्सरचे. त्याला दोन बारीक नळ्या असतात, एक जाळीच्या आधी आणि एक नंतर. उलट्या बसल्या की सेन्सर उलटं सांगतो, फट पडली की काहीही सांगतो. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून धूर कमी जातोय. ईजीआर धूर परत आत घेतो तो दाबाच्या फरकावर, आणि मोकळ्या पाइपने हा दाब कमी झाला की इंजिनाच्या कॉम्प्युटरला ईजीआर चोंदल्यासारखा वाटतो. पी०२९९ आणि पी०२३४ साठी प्र. ९ पाहा.

आणि एक प्रश्न फिटरला विचाराच: गाडीवरच वेल्डिंग केलं तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह काढली होती का? उत्तर देताना तो जरा थांबला, तर एकाच वेळी चार-पाच असंबद्ध कोड का आले ते कळेल.

कोड पुसून ‘कॉम्प्युटर शिकून घेईल’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. वितळलेली वायर तो शिकत नाही.

९. घाटात मधेच गाडीचा दम जातो, २५०० च्या वर आरपीएम जात नाही. बंद करून चालू केली की परत ठीक.

हा लिम्प मोड. कॉम्प्युटरला काहीतरी खटकलं की तो ताकद कापून इंजिन वाचवतो. पी०२९९ असेल तर टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी, पी०२३४ असेल तर जास्त.

कमी असेल तर आधी प्र. ७ मधला होज बघा. मग टर्बोच्या अॅक्ट्युएटरची, म्हणजे टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाची, व्हॅक्यूमची नळी, जिथे ती आहे तिथे. करंगळीपेक्षा बारीक रबरी नळी असते, डाऊनपाइप बसवताना कोपर लागूनही निघते.

जास्त असेल तर कारण वेगळं. आजच्या बहुतेक डिझेल टर्बोत पाती हलणारी असतात आणि कॉम्प्युटर त्यांची हालचाल कंपनीच्या पाइपचा हिशोब धरून ठरवतो. मोठा, मोकळा डाऊनपाइप लावला की टर्बो त्या हिशोबापेक्षा लवकर फिरू लागतो, दाब उसळतो आणि कॉम्प्युटर हात वर करतो. काजळीने पाती अडकली असतील तरी हेच होतं, म्हणून आधी पाती मोकळी फिरतात का ते तपासा. नुसत्या कॅटबॅकने असं होणं दुर्मीळ आहे.

१०. ‘टर्बोला बॅकप्रेशर लागतंच’ म्हणतात. मग मोकळ्या पाइपने नुकसान झालं का? आणि ताकद का वाढली नाही?

बॅकप्रेशर लागतंच हे खरं नाही. टर्बोच्या मागे दाब जितका कमी तितका तो खुशीत फिरतो. अडचण दाब कमी होण्याची नाही, कॉम्प्युटरला ते माहीत नसण्याची आहे.

ताकद वाढली नाही कारण बीएस६ गाडीत सर्वात जास्त अडथळा डीपीएफचा असतो आणि तुम्ही बदललात त्याच्या मागचा पाइप. अरुंद गल्लीच्या पुढे महामार्ग बांधल्यासारखं. आवाज मोठा झाल्यामुळे गाडी पळते असं वाटतं, एवढंच. ॲव्हरेजही तसाच राहतो. काहींचा कमी होतो, पण त्याला पाइप नाही, आवाज ऐकायला दाबलेला पाय जबाबदार असतो.

११. फिटर म्हणतो, डीपीएफ रिकामा करून देतो, सगळे कोड बंद करतो. करू का?

नको. काळा धूर आणि वास तर आहेच, पण कायद्याची बाजूही आहे. ती प्र. १३ मध्ये. शिवाय जाळी काढली की कोड बंद करण्यासाठी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलावा लागतो, आणि त्या बदलात काय काय हलवलं हे पुढच्या मेकॅनिकला कळत नाही. एरवी तासाभरात सापडणारा दोष मग आठवडाभर सापडत नाही.

डीपीएफ खरंच चोंदला असेल तर आधी तो का चोंदला ते शोधा. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, चुकीचं इंजिन ऑइल किंवा बिघडलेला इंजेक्टर, ही नेहमीची कारणं. कंपनीने सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच घाला. काजळी जळून जाते, राख जळत नाही.

१२. सायलेन्सर बदलल्यापासून डीपीएफ वारंवार जळतो, गाडी थांबवली तरी पंखा फिरत राहतो. संबंध आहे का?

असू शकतो. डीपीएफमध्ये साचलेली काजळी गाडी अधूनमधून स्वतःच जाळते. या साफसफाईच्या वेळी कॉम्प्युटर जास्तीचं डिझेल सोडून जाळीचं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेतो. जाळीच्या आधी कुठे गळती असेल तर उष्णता निसटते, सफाई अर्धवट राहते आणि पुन्हा सुरू होते. दर अर्धवट सफाईत थोडं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ऑइल बदला.

काही गाड्यांत दाबाच्या सेन्सरला एकच नळी असते, तो आतला दाब बाहेरच्या हवेशी ताडून बघतो. मागचा पाइप मोकळा झाला की आकडा खाली येतो आणि कॉम्प्युटरला जाळी आहे त्यापेक्षा रिकामी वाटते. दोन नळ्यांच्या गाडीत मात्र मागच्या पाइपचा फारसा फरक पडत नाही, कारण तिथे मोजला जातो तो जाळीच्या अलीकडचा-पलीकडचा फरक.

शेतकऱ्यांसाठी एक खास सूचना. सफाई चालू असताना किंवा नुकती संपल्यावर गाडी उसाच्या पाचटावर किंवा वाळक्या गवतावर उभी करू नका. पत्रा काढलेला पाइप खालून किती तापतो हे पाचट सांगतं, आणि ते एकदाच सांगतं.

१३. पोलीस पकडतात का? पीयूसी आणि पासिंगचं काय?

पकडतात. बुलेटच्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, पिकअपला वेगळा कायदा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि प्रदूषणाच्या नियमभंगाला कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. बेकायदा बदलासाठी मालकाला कलम १८२अ(४) वेगळं आहे, दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

पीयूसीला डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात, आवाज नाही. म्हणून ‘पीयूसी निघाली म्हणजे सायलेन्सर कायदेशीर’ हा समज चुकीचा. पिवळ्या पाटीच्या गाडीला पासिंगला ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी जावं लागतं, आणि तिथे खाली वाकून बघणारा माणूस असतो.

१४. शेपटी मागच्या चाकाच्या आधी बाजूला काढायची आहे. चालेल का?

डावीकडे अजिबात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे धूर डावीकडे किंवा खाली सोडता येत नाही, कारण डाव्या बाजूला पादचारी असतात आणि बसथांबे असतात. उजवीकडेही विचार करूनच. सिग्नलला खिडकी उघडी असली की धूर आत येतो.

१५. मागे हौद्यावर कॅनोपी (बंद टप) लावली आहे आणि आत झोपतो. नवीन सायलेन्सरनंतर वास येतो.

हे हलक्यात घेऊ नका. चालत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी होते आणि ती धूर परत ओढते. कॅनोपीचं मागचं दार उघडं ठेवून गाडी चालवलीत तर धूर थेट आत येतो. शेपटी बंपरच्या बाहेर किमान चार बोटं यायला हवी, हौद्याखाली संपता कामा नये. प्र. ४ मधली साबणाची तपासणी करा, आणि ती होईपर्यंत इंजिन चालू ठेवून आत झोपू नका.

१६. ‘स्टेनलेस’ म्हणून घेतला, दोन पावसाळ्यांत गंजला. फसवलं?

कदाचित नाही. ४०९ ग्रेड हेही स्टेनलेसच, पण त्यावर वरवर गंज चढतो. ३०४ जास्त टिकतं. दुकानात चुंबक लावून बघा: ४०९ ला चिकटतो, ३०४ ला जवळपास नाही. रत्नागिरी, मालवणच्या खाऱ्या हवेत हा फरक पहिल्या वर्षीच दिसतो. सोनेरी-निळी झाक मात्र गंज नव्हे, ती उष्णतेची. पाइपला कापडी पट्टी गुंडाळण्याची फॅशन आहे, कोकणात ती पट्टी ओली राहते आणि आतून पाइप खाते.

१७. वॉरंटी आणि विम्याचं काय? जुना सायलेन्सर विकून टाकू का?

विमा कंपनीला बदल लेखी कळवा. वॉरंटीत पाइपशी संबंध लावता येईल असा कुठलाही दावा अडतो. जुना सायलेन्सर विकू नका, माळ्यावर टाका. पासिंग, विक्री, वॉरंटी, तिन्ही वेळी तोच लागेल. भंगारवाला त्याला भरपूर भाव देतो तो लोखंडासाठी नाही, कॅटमधल्या प्लॅटिनमसारख्या धातूंसाठी, हे लक्षात ठेवा.

१८. जुनी बीएस६ पिकअप घेतोय. आधीच्या मालकाने डीपीएफ रिकामा केला आहे का, कसं ओळखू?

जाळीच्या डब्यावर कापून पुन्हा मारलेलं वेल्डिंग शोधा. कंपनीची शिवण एकसारखी असते, हाताची नसते. मग गार गाडीच्या शेपटीत पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिरवा. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीची शेपटी हजारो किलोमीटरनंतरही आतून जवळपास स्वच्छ राहते. बीएस४ ला ही चाचणी लागू नाही, तिची शेपटी काळी असणारच. पण बीएस६ गाडीत फडकं काळंकुट्ट निघालं तर जाळी तरी फुटलेली आहे किंवा मुळात नाही, आणि मालकाशी भाव करताना नव्या डीपीएफची किंमत वजा करूनच बोला.